बिनपत्त्याची हाक

"अहो!"

मागच्या गॅलरीतून हाक आली तशी टपालरावांनी पुस्तकात चष्म्याचं घर खुणेला ठेवलं, पायाने चपला चाचपल्या आणि लगबगीने निघाले. गॅलरीत पोचले तर लाकडी खोक्यापाशी शेजारचा फ्रिजवाला आधीच उकिडवा बसला होता. हातात बर्फाची बाटली.

"तुम्हाला नाही हो," बायको मान वर न करता म्हणाली. "ह्यांना हाक मारली."

ह्यांना! टपालराव उंबऱ्यावरच थबकले. ह्यांना वांगं आवडत नाही, ह्यांना गर्दीत सुचत नाही. सगळ्या संसारात या शब्दाला एकच मालक होता.

"या, टपालराव," फ्रिजवाला म्हणाला. "बाळंतिणीला एसी बसवतोय."

बायको हसली. टपालरावही हसले, जरा उशिरा, आणि परत फिरले. खुणेचं पान सापडलं, ओळ काही सापडली नाही.

हयातभर त्यांनी टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती. समोर खणांची भिंत, हातात गठ्ठा. डोळा पत्ता वाचतोय तोवर हात खणाशी पोचलेला. टपालराव हे नाव तिथेच पडलं आणि निवृत्त झाले तरी घरापर्यंत मागोमाग आलं. पुसट, अर्धवट, पावसात भिजलेले पत्ते लावण्यात त्यांचा हातखंडा. 'अहो'वर मात्र पत्ता नसतोच. दूधवालाही अहो, डॉक्टरही अहो, बसमध्ये पायावर पाय देणाराही अहो. पण घरात पुरुष एकच असला की ते पत्र चुकून जाणार कुठे? इतकी वर्षं ते बरोबर त्यांच्याच खणात पडत आलं होतं.

मग सशीण आली. मुलीच्या नव्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून "उन्हाळ्यापुरतं ठेवा" असं सांगून ती पिंजरा ठेवून गेली. थोड्याच दिवसांत कळलं की पाहुणी एकटी आलेली नाही. तिने स्वतःच्या छातीची लव उपटून उपटून मऊ गादी केली आणि त्यात पाच उघडी, आंधळी, बोटाएवढी पिल्लं घातली. वर हा असा उन्हाळा, की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. सशाला घाम सुटत नाही. तो तापला की तापतच जातो. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली खोक्यात एका अंगाला ठेवायची, म्हणजे तिला हवं तेव्हा टेकता येतं, नको तेव्हा सरकता येतं. हे सगळं बायकोने चार ठिकाणी विचारून शिकून घेतलं होतं.

घरच्या फ्रिजमध्ये बर्फच होत नव्हता. फ्रिजवाल्याचं घर गॅलरीच्या ठेंगण्या भिंतीपलीकडे. बिचारा एकटाच; बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुरुस्तीला आलेले दोन-तीन फ्रिज त्याच्याकडे कायम घरघरत असत. मागे तो आपण होऊन म्हणाला होता, "वहिनी, गॅस भरून देतो की." तेव्हा टपालरावांनीच त्याला वाटेला लावलं होतं. "चाललंय ठीक. आम्हाला बर्फ लागतो कुठे?" आता ते शब्द गिळायचे कसे? म्हणजे त्या बाटलीला दार उघडून दिलं ते त्यांनीच. हे त्यांना कळत होतं. कळलं म्हणून जळफळाट कमी होतो असं थोडंच आहे?

त्यांनी बारीकसारीक टिपायला सुरुवात केली. तो यायच्या वेळेला ती केस सारखे करते. त्याच्या चहाला कानतुटका कप कधी निघत नाही. आणि तिचं ते हसणं! इतकं मोकळं हसते ही बाई, हे त्यांना या वयात, भिंतीआडून कळावं?

वाचनालयातून त्यांनी सशांवरचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं: उन्हाळा कडक असेल तर पिल्लांच्या गादीतली लव थोडी काढून विरळ करावी. वाक्य त्यांनी मनात घोळवलं, सोपं केलं आणि घेऊन गॅलरीत गेले. फ्रिजवाला कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता, जो म्हणे उन्हाळाभर बूट फ्रिजमध्ये ठेवायचा आणि वर विचारायचा, भाज्यांना वास कसला येतो? बायको डोळे पुसत हसत होती.

"काय हो, काही हवं होतं?"

"नाही. पाणी प्यायला आलो."

"पाणी स्वयंपाकघरात असतं," ती म्हणाली, आणि दोघंही पुन्हा हसले.

वाक्य आल्या वाटेने परत गेलं. त्या दिवशी टपालरावांनी ठरवलं, आता ऊठसूट प्रत्येक हाकेला धावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन नुसतं भाजत होतं.

"अहो!"

त्यांनी पान उलटलं.

"अहो, ऐकलं का?"

आहे की पलीकडे तुझा बर्फवाला. आपण गेलो की पुन्हा आहेच, तुम्हाला नाही हो. त्यांनी पुढचंही पान उलटलं, न वाचताच.

तिसरी हाक आली नाही. दोन हाकांपेक्षा ते न येणंच जास्त टोचायला लागलं, तेव्हा ते उठले.

बायको फरशीवर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला खालून उठायला कुणाचा तरी हात लागत असे. मांडीवर सशीण तोंड वासून धापा टाकत होती आणि बायको शेजारच्या वाटीत बोटं बुडवून तिचे कान ओले करत होती. खोक्यात पिल्लं लवेच्या गादीतून बाहेर सरपटून चारी दिशांना पसरली होती. सगळ्यांत लहान होतं ते गादीतच निपचित राहिलं होतं.

"हाक मारत होते."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"त्याला बोलावतेयस."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "ते सकाळीच कामावर गेले. कुलूप आहे दाराला. घरात दुसरं होतं कोण?"

आवाज चढला नव्हता. टपालराव खाली बसले. त्यांनी गादीतली लव मुठीमुठीने काढली, पातळसा थर ठेवला, ओलं फडकं पिळून खोक्याच्या उन्हाकडच्या अंगाला टांगलं. जे वाक्य बोलायचं राहिलं होतं ते आता हातांनी केलं. सशिणीची धाप हळूहळू उतरली. मग बायकोने ते लहानगं पिल्लू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्याला वजन असं नव्हतंच. त्यांनी ते रिकाम्या कुंडीत पुरलं आणि वरची माती बराच वेळ सारखी करत राहिले.

संध्याकाळी फ्रिजवाला बाटली घेऊन आला. टपालराव स्वतःच पुढे झाले.

"आमच्या फ्रिजमध्ये गॅस भरून द्याल का?"

"देतो की. उद्याच देतो."

"ठेवा तिथे, भाऊ," आतून बाहेर येत बायको म्हणाली. "आणि चहा घेऊन जा."

भाऊ. टपालरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती पिल्लांवर वाकली होती. एका शब्दात तिने सगळं टपाल लावून टाकलं होतं, आणि त्यांना बोल एकाही शब्दाचा लावला नव्हता. त्यांना बरं वाटायला हवं होतं.

फ्रिजवाला वाकता वाकता थांबला. बाटलीवरचं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं.

"ठेवतो, ताई," तो म्हणाला. कालपर्यंत वहिनी होती.

त्याने बाटली फडक्यात गुंडाळली, जरा जास्तच नीट. ओला हात पँटला पुसला. गंमत केली नाही. चहा नको म्हणाला.

टपालरावांना तो चेहरा ओळखीचा होता. वर्गवारीच्या खोलीतून पोस्टाची खिडकी दिसायची. माझं काही आलंय का, असं विचारायला माणसं यायची. 'नाही' ऐकल्यावर ती अशीच जरा थांबायची, काहीतरी विसरल्यासारखी खिसा चाचपायची आणि निघून जायची.

पलीकडे दार लागलं. तिथले फ्रिज घरघरत राहिले.

"अहो," बायको म्हणाली.

टपालराव तिच्या शेजारीच उभे होते. तरी ओ द्यायला त्यांना थोडा वेळ लागला.