खणातला चार नंबरचा जोड

मी एक जुना, काळा, उंच टाचांचा सँडलचा जोड आहे. हसू नका मित्रांनो. पायात घालायची वस्तू असलो तरी मलाही जीव आहे, आणि राग तर भरपूर आहे.

ज्या कारागिराने माझी टाच ठोकली तो कौतुकाने म्हणाला होता, "हे ज्या पोरीच्या पायात जातील ती नाचेल बघ!" कसलं नाचणं आणि कसलं काय! मी येऊन पडलो मॉडेलिंगच्या एका ऑफिसात, मोठ्या आरशाखालच्या खणात.

तिथल्या मॅडम नव्या मुली निवडायच्या. मुलगी स्वतःचे कितीही चांगले सँडल घालून आलेली असो, मॅडम मला काढून तिच्यापुढे टाकायच्या. "हे घालून चाल." माझं माप चार नंबरचं, आणि त्या उंच मुलींचे पाय सात-आठ नंबरचे. मॅडमना हे कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? अहो, त्यासाठीच तर मला आणलं होतं! जी म्हणेल "लहान होतात," तिला सरळ दार. "कुरकुर करणारी मला नको," म्हणून मॅडम चहा मागवायच्या. आणि त्या बिचाऱ्या मुली घरी जाऊन आपल्या नाकाला नाहीतर रंगाला दोष देत बसायच्या.

एकदा मावशीला घेऊन एक मुलगी आली. ताडमाड उंच. गल्लीत तिला सगळे शिडी म्हणून चिडवायचे. बाकीच्या सगळ्या ऑफिसांनी तिला नाही म्हटलं होतं. इथेही नाही झालं तर काकांच्या दुकानात बसायचं आणि हे खूळ डोक्यातून काढायचं, असं घरात ठरलं होतं.

मला बघून मावशीच आधी बोलली, "अहो मॅडम, हे कसे होतील? तिला आठ नंबर लागतो हो!"

मॅडमनी भुवई उचलली. शिडीने पटकन मावशीचा हात दाबला. "होतात गं मावशी. छान बसतात."

धडधडीत खोटं! माझी शिवण उसवेपर्यंत तिने बोटं आत कोंबली. मी चावलो. चावायलाच ठेवलं होतं मला. ती भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. माझ्या डाव्या तळव्यावर रक्त उतरलं, पण चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. अगं, ओरड ना! काढून फेक मला त्या बाईच्या अंगावर! छे, ती कसली ओरडतेय.

"हिला घ्या," मॅडम म्हणाल्या. मावशी तिथेच खाली बसली आणि रुमालाने तिचा पाय पुसत रडायला लागली.

पुढे शिडीचे फोटो त्याच भिंतीवर लागले. मी खणातच राहिलो. मुली येत होत्या, मी चावत होतो. पट्टा तुटला की चिकटवायचे, टाच हलली की खिळा मारायचे. मरू म्हणून देईनात मला.

मग मॅडम थकल्या आणि त्यांच्या खुर्चीत शिडी येऊन बसली. मी हरखलो! आता हिच्या हातून माझी सुटका होणार, याची मला खात्रीच होती. तिने खण उघडला. मला हातात घेतलं, डाव्या तळव्यावरचा काळपट डाग अंगठ्याने घासला. बराच वेळ घासला. समोर एक नवी पोर उभी होती, चांगल्या मोठ्या पायांची.

"हे घालून चाल," शिडी म्हणाली.

"मॅडम, मला हे लहान..."

"मला झाले होते."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, पुसून नीट ठेवा. मी असलं काही मागणार नाही. शिडीने मला नवा पट्टा लावायला दिलंय. कोपऱ्यावर चपला दुरुस्त करतात, तिथे मी पडलोय. तिकडून जात असाल तर एवढी दया करा, मला उचला आणि कचऱ्यात टाका. टाकताना टाच मोडून टाका. नाहीतर कोणीतरी मला परत चिकटवेल.