मधे न बोलणारी बाई

आवाज टिपायचं यंत्र टेबलावर ठेवून ती बाई समोर बसली.

"काका, काकूंचं विसरणं सुरू झालं तिथपासून, तुम्हाला आठवेल तसं सांगा. मी मधे बोलणार नाही," एवढं म्हणाली आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. माझी ही जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधी पाच वर्षं विसरण्याच्या आजारात गेली. ज्या दवाखान्यात तिला न्यायचो तिथून माझा नंबर मिळाला, अभ्यासासाठी बायकोची शुश्रूषा केलेल्या नवऱ्यांचे अनुभव गोळा करते, असं बाईने फोनवर सांगितलं होतं. अनुभव म्हणे. अभ्यासाला प्रश्न लागतात, हो-नाहीचे चौकोन लागतात. हिच्याकडे एकच प्रश्न, आणि पुढे नुसतं बघणं.

हे बघणं मला नवं नाही. कारखान्यात एकतीस वर्षं मी माल तपासला. एखादा दांडा मापात बसला नाही की मी कारागिराला बोलवायचो, दांडा त्याच्या पुढ्यात ठेवायचो आणि गप्प बसायचो. ओरडलं तर माणूस भांडतो. गप्प बसलं की पाच मिनिटांत स्वतःच सांगतो, साहेब, काल जरा घाई झाली. माझंच हत्यार ही बया माझ्यावर चालवत होती.

"तुम्हाला मोठीने पाठवलंय का?" मी सरळ विचारलं.

"मोठी कोण?"

"माझी मुलगी."

"नाही हो काका. मी त्यांना ओळखत पण नाही."

तिने तो संमतीचा कागद पुन्हा पुढे केला. नाव कुठेही येणार नाही, वाटेल तेव्हा थांबता येईल. सही करण्यापूर्वी मी तो दोनदा वाचला होता, आता तिसऱ्यांदा वाचला. गोड शब्दांतल्या कागदांवर माझा मुळीच भरवसा नाही.

संशयाला कारण होतं. ही गेली त्या दिवशी मोठीने तिचे हात हातात घेतले आणि विचारलं, "बाबा, आईची नखं अशी का तुटलीत?" मी म्हणालो, कुंड्यांतली माती उकरत बसायची. मोठीला ते पटलं नाही हे मला कळलं. तेव्हापासून तिचे फोन आखूड झाले. एकुलती एक मुलगी, 'मोठी' हे नुसतं लाडाचं नाव. खरं कळलं तर तीही तुटेल, या भीतीने मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

म्हणून बाईला मी तपासणीच्या अहवालासारखं सांगत गेलो. आधी गॅस चालू राहिला. पुढच्या वर्षी रस्ता चुकली. नंतर दिवस की रात्र तेही कळेना.

"मग?"

"मग काय. चाललं होतं."

"हं."

त्या 'हं'चा मला राग आला. तरी बोलत राहिलो. निवृत्तीनंतर सकाळी चार तास एका लहानशा वर्कशॉपमध्ये माल तपासायला जायचो, हे सांगून बसलो आणि तिथेच फसलो.

"तेवढा वेळ शेजारच्या ताई बसायच्या हिच्याजवळ," मी म्हणालो.

बाईने मानसुद्धा हलवली नाही. खाली कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं. ती दोनदा बंद पडली, मग सुरू झाली आणि निघून गेली. मी बाईच्या चेहऱ्यावर संशय शोधत होतो. तो नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"शेजारचं कुणी नव्हतं," मी म्हणालो. "मी आतल्या खोलीला बाहेरून कडी लावून जायचो. बाहेर पडली तर गाडीखाली येईल म्हणून. म्हणजे, तेही सगळं खरं नाही. नोकरीची गरज नव्हती मला. मलाच जायचं होतं. घरातच बसून शंभरदा विचारायची, आपण घरी कधी जायचं? तिकडे चार तास मला कुणी काही विचारत नव्हतं. परत यायचो तर दार खालून ओरबाडलेलं असायचं. मी वरून रंग मारायचो. तीनदा मारला."

"काका, थांबायचं का?" बाईने हळूच विचारलं.

"आता कशाला थांबायचं?"

तीन आठवड्यांनी ती टाइप केलेली पानं घेऊन आली. नको असेल ते खोडा, खोडलेलं मी वापरणार नाही, म्हणाली. माझं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं, अडखळणंसुद्धा. शेजारच्या ताईंच्या वाक्यापुढे कंसात लिहिलं होतं, शांतता, बावन्न सेकंद. माणसाचं गप्प बसणं घड्याळ लावून मोजावं, हे मला आवडलं नाही. माप मात्र बरोबर असणार, याची खात्री होती.

कडीच्या वाक्यावर मी पेन टेकवलं. एक रेघ मारली की कागदापुरता तरी मी सुटलो असतो. पण एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचा खोटा माल परत पाठवला होता. मला ती रेघ मारवेना.

"याची आणखी एक प्रत मिळेल?" मी विचारलं.

"मिळेल की. कुणासाठी?"

"मोठीसाठी."

रविवारी मोठी आली. पानं तिच्या हातात दिली आणि समोर बसलो. मधे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते फार जड गेलं. ती सावकाश वाचत होती. एका पानावर थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं. मग उठून आतल्या खोलीच्या दारापाशी गेली, खाली बसली आणि रंगावरून हात फिरवला. रंग चांगला बसलाय, पण आतले चरे हाताला लागतात.

"तुम्ही परत आल्यावर काय म्हणायची?" माझ्याकडे न बघता तिने विचारलं.

हे मी त्या बाईलाही सांगितलं नव्हतं.

"काही नाही. विसरलेली असायची," मी म्हणालो. "कडी काढली की हसायची. म्हणायची, आलात? दमलात का?"

मोठीने दारावरचा हात काढला नाही.