पंप चालू

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पण विहिरीवरचा नव्हे. मोरोक्कोच्या डोंगरात, तळ्याकाठच्या एका गावात सांडपाणी स्वच्छ करणारं केंद्र आहे, तिथे मी थेंब थेंब औषध सोडत असे. साबणातून आणि मैल्यातून येणारा फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं आवडतं खाणं. माझं लोहाचं औषध त्याला धरून हौदाच्या तळाशी बसवी आणि उरलेलं पाणी तळ्यात जाई.

नऊ वर्षं तळं नितळ राहिलं. श्रेय घेतलं केंद्राचे साहेब सी द्रीस यांनी; 'सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. पाहुणे आले की ते माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेत. औषध माझ्यात कुठून शिरतं नि कुठून बाहेर पडतं, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढे औषधाची पिंपं येईनाशी झाली. साहेब म्हणाले, बाहेर पडणारं पाणी काचेसारखं दिसतंय, मग महागडं औषध घाणीत कशाला ओतायचं? फॉस्फरस डोळ्यांना दिसत नाही, हे तिसरीतल्या मुलालाही समजेल. साहेबांना समजून घ्यायचंच नव्हतं. मला बंद केलं आणि वहीत मात्र रोज 'पंप चालू' लिहायला लावलं.

लिहायची आमची ऑपरेटर तूदा. माझी घरघर जरा बदलली तरी पाना घेऊन धावणारी ही बाई मुकाट्याने खोटं लिहू लागली. खरं सांगतो, साहेबांपेक्षा मला तिचीच जास्त किळस आली. साहेबांना काही कळत नव्हतं. तिला सगळं कळत होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात तळं विषारी शेवाळाने हिरवंगार, दाट झालं. मेंढ्या काठावर घाण करतात म्हणून असं होतं, असं साहेबांनी सांगून टाकलं. त्याच आठवड्यात ते पाणी पिऊन बास्सू मेंढपाळाच्या अकरा मेंढ्या मेल्या. बास्सू तूदाचा सख्खा मामा. तो तडक केंद्रात आला. चहासुद्धा नको म्हणाला.

"पोरी, पाण्यात काय सोडता तुम्ही?"

"मामा, सोडायला हवं होतं ते दोन वर्षं सोडलंच नाही. आणि सोडलं म्हणून मीच लिहिलं."

म्हातारा आल्या पावली परत फिरला.

मेंढ्यांची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. साहेबांनी पुदिन्याचा चहा मांडला. तूदाने वही आणली, सर्वांसमोर उघडली आणि एकेका 'चालू'वर काट मारत बसली. साहेबांनी दरडावलं, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "सी द्रीस, तुम्ही चहा घ्या. माझी अजून पुष्कळ पानं राहिलीत."

साहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागी. नोकरी गेली ती तूदाची. बंद राहून माझा रबरी पडदा चिरला होता, म्हणून नवा पंप आणला आणि मला कुंपणाशी टाकलं. यंत्रच बिघडलं होतं, असं शहाणी माणसं अजून सांगतात. सांगू देत. तळ्याच्या गाळात मुरलेला फॉस्फरस दर उन्हाळ्यात वर येतो आणि शेवाळ पुन्हा माजतं. पाणी निवळायला कित्येक वर्षं लागतील.

तूदा आता गावच्या भट्टीत पाव भाजते. सकाळी जाताना ती कुंपणाशी थांबते, नव्या पंपाची टकटक कानावर आली की पुढे जाते. तिच्याविषयीची माझी किळस कधी ओसरली, मलाही कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं केंद्र असेल. फलक वाचू नका, फोटो बघू नका. कुंपणाशी क्षणभर उभे राहा आणि ऐका.