कण्यातला धाकटा

माझ्या दादाला नेलं कुठे?

हा प्रश्न मी शेजारच्या हाडाला विचारला, हाडाजवळून जाणाऱ्या नसेला विचारला, दादाच्या जागी आलेल्या स्क्रूलाही विचारला. हाड म्हणालं, "आपलं काम उभं राहायचं. चौकश्या करायच्या नाहीत." नस म्हणाली, "मला माझाच ताप थोडा आहे का?" स्क्रू तर बोलतच नाही. आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

असो. आधी ओळख करून देतो. मी ताईच्या पाठीतून बोलतोय. कंबरेच्या पार तळाशी, शेवटच्या मणक्याखाली जो मऊ तुकडा असतो ना, तो मी. लोक मला गादी म्हणतात, चकती म्हणतात, डॉक्टर डिस्क म्हणतात. तिन्ही नावांत मला बाई करून टाकलंय. चालायचंच. पण मी धाकटा भाऊ आहे, आणि ते काही मी सोडणार नाही.

कंबरेत आम्ही पाच भाऊ. वरचे तिघे शहाणे, बेताचं बोलणारे. चौथा दादा, थेट माझ्या डोक्यावर. आणि पाचवा मी, नाकावर राग असलेला. माझं शिक्षण ताईबरोबर जेवढं झालं तेवढंच. त्यातही ती शेवटच्या बाकावर वाकून बसायची, त्यामुळे फळ्यावरचं काही माझ्यापर्यंत पोचलं नाही. मला डोळे नाहीत. जे कळतं ते वजनावरून, आणि हाडांतून जे ऐकू येतं त्यावरून.

वजनावरून मात्र मी कुणालाही ओळखतो. ताईची लॉन्ड्री आहे. वर दुकान, खाली तळघरात मशीनं. लॉजच्या, दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे येतात. कोरडी चादर म्हणजे पाहुणी, आली काय नि गेली काय. ओली चादर म्हणजे कर्ज. एकीला दुसरी बिलगते, मशीनच्या गोल दारातून ओढली की सगळा गुंता एकदम अंगावर येतो, आणि ताई तो टोपलीत टाकून टोपली उचलते. कशी? गुडघे सरळ ठेवून, कंबरेतून. कितीदा सांगितलं! पण माझी भाषा तिला एकच कळते, कळ.

आणखी एक सांगतो, कुणाला खरं वाटणार नाही. आमच्या घरात रक्त येत नाही. शेजारच्या हाडापर्यंत येतं आणि उंबऱ्यावरून परत जातं. माणूस चालला की आम्ही दबतो, सुटतो, आणि त्यातच थोडं पाणी, थोडं अन्न आत झिरपतं. माणूस एका जागी बसून राहिला की आमच्याकडे चूल पेटत नाही. रात्री ताई आडवी झाली की आम्ही पाणी पिऊन टम्म फुगतो आणि सकाळी ती केसभर उंच होऊन उठते. तिला वाटतं, काय छान झोप झाली!

दादा तसा मोठा गमत्या. टोपली येतेय असं दिसलं, म्हणजे जाणवलं, की म्हणायचा, "धाकट्या, दम धर. आली बघ नवरी." आणि वजन आलं की निम्म्याहून जास्त स्वतःच घ्यायचा. मी चिडायचो. "मला काय लहान समजतोस?" तो म्हणायचा, "लहानच आहेस." मला वाटायचं, हा असाच कायम डोक्यावर बसणार.

मग एकदा ताईने ओल्या ब्लँकेटांची टोपली उचलली आणि उचलता उचलता कुणीतरी हाक मारली म्हणून वळली. दादा फाटला. त्यानंतर तो कधी नीट बसलाच नाही. नसेवर रेलायचा, आणि ताईच्या पायात टाचेपर्यंत वीज जायची. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. शेवटी एक दिवस सगळं बधिर झालं, वर खरवडल्याचा आवाज आला, आणि आवाज थांबला तेव्हा दादा नव्हता. तिथे हाडाला हाड बांधलेलं, मधे लोखंड. मी हाका मारल्या. वरचे तिघे म्हणाले, "गप बस आता." मी का गप बसू? माझा दादा होता.

ताईच्या पायातली वीज गेली, हे खरं. ती हसायला लागली, कामाला लागली. पण जिथे दादा वाकायचा तिथे आता काही वाकत नाही. स्क्रूला वाकणं माहीतच नाही. त्यामुळे दादाच्या वाटचं सगळं वाकणं माझ्यावर आलं. मी सुकत गेलो. मलाही भेग पडली. आणि मग मी ओरडलो. असा ओरडलो की ताई इस्त्रीच्या टेबलाला धरून उभीच राहिली.

ताईला एक भाऊ आहे. लॉन्ड्रीत तिच्याच हाताखाली. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. तो तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. तिथे एका गडगडणाऱ्या बोगद्यात आमचा फोटो काढला.

"या बघा, बाकीच्या पांढऱ्या दिसतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही खालची काळी पडलीये. पाणी आटलंय हिच्यातलं, आणि इथे भेग आहे."

"घ्या!" पहिलवान म्हणाला. "अख्ख्या गावाचे डाग काढते, आणि हिच्याच पाठीत डाग निघाला."

"तू जरा गप रे," ताई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "डॉक्टर, पुन्हा स्क्रू?"

मी श्वास रोखला. म्हणजे, रोखला असता.

"तोही मार्ग आहेच. पण मग कंबर आणखी ताठ होणार. वाकायचं, उचलायचं काम सोडावं लागेल."

"म्हणजे लॉन्ड्रीच सोडायची."

पहिलवानालाही विनोद सुचला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

"त्याआधी एक करून बघता येईल," बाई म्हणाल्या. "तुमच्याच हातातलं रक्त घ्यायचं. मशीनमध्ये गरगरा फिरवलं की त्यातला जखम भरणारा भाग, प्लेटलेट, वेगळा होतो. तो बारीक सुईने बरोबर भेगेपाशी सोडायचा. कापाकापी नाही, टाके नाहीत. संध्याकाळी घरी."

"हमखास गुण येतो?"

"हमखास म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. काहींना येतो, काहींना नाही. आणि आला तरी महिने जातात."

ताईने थोडा विचार केला. "फिरवून वेगळं करायचं म्हणजे आमच्या पिळायच्या मशीनसारखंच की."

"अगदी तसंच."

"मग करा. फक्त ब्लीच नका घालू."

त्या दिवशी ताई पालथी झोपली. कातडीवर थंड काहीतरी लागलं, कातडी बधिर झाली. पडद्यावर आमची सावली बघत बघत डॉक्टरबाई सुई पुढे सरकवत होत्या. मी कोपऱ्यातला. एका बाजूला कमरेचं रुंद हाड, दुसऱ्या बाजूला चिडकी नस. दोघांच्या मधून वाट काढणं म्हणजे ओल्या फरशीवरून चहाचा ट्रे नेणं. "हलू नका हं," बाई म्हणत होत्या. "आता जरा दाब येईल."

दाब आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दारावर पाहुण्यांचा गलका ऐकला.

"जखम कुठे, जखम कुठे?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट कामाचं. मी म्हटलं, "अहो, बसा तरी. इतकी वर्षं उंबऱ्यावरून परत जात होतात." एक जण म्हणाला, "आम्हाला बसायला वेळ नसतो. चादरीतली टाचणी ताईच्या बोटात जाते तेव्हा कोण धावतं? आम्हीच."

मला एकदम सुचलं. "तुम्ही अंगभर फिरता. डोक्यापासून नखापर्यंत. माझा दादा कुठे दिसला का?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं असावं. "सगळीकडे जातो आम्ही," मघाचाच एक जण हळू म्हणाला. "पण नाही रे दिसला."

ते राहायला आले नव्हते. माझ्या भेगेला बिलगले, फुटले, आणि पोटात होतं नव्हतं ते माझ्या भिंतीत ओतून मोकळे झाले. नाव विचारायचंही राहिलं.

पुढचे दिवस मात्र विचारू नका. घरात बांधकाम काढलं की काय होतं? तेच. ठणका, सूज, धूळधाण. ताई कूस बदलताना दात खायची. पहिलवान जुनी गोळी घेऊन आला.

"एकच घे ना. डॉक्टरला काय कळतंय?"

"बाई म्हणाल्या ना, सूज उतरवायची गोळी नाही घ्यायची. ती सूजच काम करतेय."

"अगं, कुणी बघत नाहीये."

"पाठ बघतेय," ताई म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं! पहिलवानाने गोळी हातात फिरवली, आणि स्वतःच गिळून टाकली. "तुझ्या टोपल्या उचलून माझी कंबर गेलीये," तो म्हणाला. ताई हसली. हसताना दुखलं, तरी हसली.

मग ताई चालायला लागली. आधी घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग बागेला वळसा घालून. मी दबत होतो, सुटत होतो, थेंब थेंब पीत होतो. ठणका ओसरला. आणि ठणका ओसरला की ताईच्या अंगात येतं. एक दिवस ती तळघरात उतरली आणि थेट भरलेल्या टोपलीला हात घातला. गुडघे सरळ! मी ओरडायला तोंड उघडणार, तोवर पहिलवान पळत आला आणि टोपलीत जाऊन बसला. ओल्या चादरींवर, नव्या पँटसकट.

"ऊठ तिथून."

"उचल ना. मलाही उचल. पहिलवान आहेस ना तू?"

"अरे, पँट भिजली तुझी."

"भिजू दे. लॉन्ड्री आहे आपली."

ती टोपली तो उठेपर्यंत जागची हलली नाही. त्याच्या बसण्याने मला जे मिळालं ते सुईनेही दिलं नसतं. वेळ मिळाला. धाकटे भाऊ वाटतात तितके वेडे नसतात, हे मी ताईला कधीचं सांगतोय.

मी काही नवा कोरा झालेलो नाही. पुढच्या फोटोतही मी काळसरच आहे. पण बाई म्हणाल्या, "तूर्त स्क्रूचं नाव नको काढायला," आणि पहिलवानाने तिथेच टाळी वाजवली. तुम्हालाही सांगतो, तुमच्या पाठीतही माझे भाऊबंद आहेत. त्यांना रोज थोडं फिरवून आणा. काही उचलायचं असेल तर गुडघे वाकवा. आणि कुणी आतून ओरडलं तर त्याला नुसतं गप करू नका, काय म्हणतोय ते ऐका.

परवाची गोष्ट. लॉजच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालायला दोघं लागतात. दोन टोकं ताईकडे, दोन पहिलवानाकडे. ताणायचं, झटकायचं, एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं. दादा असताना आम्हाला हा खेळ फार आवडायचा. पहिलवान काहीतरी बाष्कळ बोलला, ताईला हसू आलं आणि तिच्या हातातलं टोक सुटून फरशीवर पडलं.

"थांब, मी घेतो," तो म्हणाला.

तोवर ती वाकली होती. गुडघ्यातून, हळू, बरोबर शिकवल्यासारखी. वरचा स्क्रू ताठच राहिला. मी माझ्या वाटचं वाकलो, मग दादाच्या वाटचं वाकलो. भेगेची जागा ताणली गेली, पण टिकली. ओरडायला तोंडही उघडलं होतं.

ताईने टोक उचललं, उभी राहिली आणि पुन्हा हसायला लागली. काही झालंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी गप्प राहिलो होतो.