रविवारी कोणी येत नाही

यंदाच्या वादविवाद स्पर्धेत मी सगळ्या लुसेना शहरात पहिली आले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठेच जिंकलेली नाही.

नाव लुनिंगनिंग, घरात निंगनिंग. वय सतरा, आणि तोंड मात्र सत्तरचं, असं नानाय म्हणते. नानाय म्हणजे माझी आई, पेर्लिता. ती शाळेचे गणवेश शिवते. घरात आम्ही दोघीच. ताताय म्हणजे माझे वडील, दोमिंग. ते जवळच तायाबासला त्यांच्या आईकडे राहतात. लग्न झालं तेव्हापासून तिथेच राहतात म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला ते रात्री फक्त झोपायला जायचे, कारण लोलाला, म्हणजे आजीला, एकटं भीती वाटायची. मग त्यांचे शर्ट तिकडे गेले. मग दात घासायचा ब्रश गेला. ब्रश गेल्यावर नानायने वाट बघणं सोडलं. भांडण मात्र कधीच झालं नाही. "भांडायला माणूस घरात तर पाहिजे," ती म्हणायची.

पण रविवार आमचा होता. चर्चमधली प्रार्थना संपली की ताताय ट्रायसिकल-रिक्षातून उतरायचे. हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या पानसितच्या पुड्या, एकेकाची एकेक. शेवयांवर व्हिनेगर ओतायचं, पान तोंडाशी धरायचं आणि थेट खायचं. काटा नाही, चमचा नाही. दारापुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही तिघं, तिघांच्या हनुवट्या तेलाने चमकतायत.

"आईचा गुडघा कसा आहे?" नानाय विचारायची.

"आहे तसाच. तुझं मशीन?"

"आहे तसंच."

एवढंच बोलणं. मग उरलेला वेळ मी बोलायचे, आणि दोघं ऐकायची. वक्तृत्व मी तिथेच शिकले. बाई म्हणतात त्यांनी शिकवलं. म्हणू देत.

मग मागच्या उन्हाळ्यात नानायला इस्पितळात जावं लागलं. पित्ताशयात खडे. फॉर्मवर तिने 'विवाहित' असं लिहिलं आणि 'सोबत कोण' या रकान्यात रेघ मारली, कारण मी परीक्षेला बसले होते. नर्सने विचारलं, "बाई, नवरा?" नानाय म्हणाली, "आहे. पण इथे नाही." घरी आल्यावर ती मला म्हणाली, "एकटीच आहे ना मी? मग कागदावरही एकटीच राहते. निदान खोटं तरी लिहावं लागणार नाही."

आमच्या देशात आमच्यासारख्या ख्रिश्चनांना घटस्फोट नाही. लग्न मोडता येत नाही. ते झालंच नव्हतं, किंवा मुळातच किडलेलं होतं, असं कोर्टाला पटवावं लागतं. म्हणून आम्ही अ‍ॅटर्नी बुएनाफेंकडे गेलो. बाई आवाजाने दणदणीत, बोलताना सतत पेपरमिंट चघळणाऱ्या. त्यांनी लग्नाचा दाखला वाचला आणि चघळणं थांबलं.

"लग्नाचं लायसन्स नाही? 'पाच वर्षं एकत्र राहत होतो' असं शपथेवर लिहून दिलंय तुम्ही! पेर्लिता, तू तेव्हा एकवीसची. म्हणजे सोळाव्या वर्षापासून?"

"सोळाव्या वर्षी मी सिस्टरांच्या वसतिगृहात होते," नानाय म्हणाली. "तिथे मी फक्त मदर सुपीरियरबरोबर राहिले."

"मग हे काय?"

"सुकोब," नानाय म्हणाली, आणि अ‍ॅटर्नींनी कपाळाला हात लावला. त्या इथल्याच, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. एकाच वर्षात दोन भावंडांची लग्नं झाली की एकाचं नशीब दुसऱ्याला खातं. मावशीचं, तीता ओदायचं, लग्न नव्या वर्षाच्या फेब्रुवारीत ठरलेलं. मी पोटात, त्यामुळे त्याच्या पुढचं वर्ष उजाडेपर्यंत थांबायची सोय नाही. म्हणजे चालू वर्ष संपायच्या आत उरकायला हवं. आणि नाताळ तर तोंडावर आलेला. लायसन्स हवं तर नावं आधी दहा दिवस फळ्यावर लावतात. नगरपालिकेत कुणीतरी कानात सांगितलं, पाच वर्षं एकत्र राहिलेल्यांना लायसन्स लागत नाही, सही करा. ओळख सात महिन्यांची. दोघांनी सही केली. तीताचं नशीब वाचलं. तिचा नवरा अजून तिच्यासाठी भात लावतो.

अ‍ॅटर्नींनी टेबलावर थाप मारली. "मग झालं! लायसन्स नाही तर लग्नच नाही. तू वसतिगृहात होतीस याचा दाखला आणू. वर्षभरात सुटशील." मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक आहे. मुलगी मग कायद्याने अनौरस ठरते."

"नको," नानाय म्हणाली.

"अगं, आडनाव राहतं. वारशात हिस्सा कमी होतो, इतकंच."

"तातायच्या वारशात काय, एक खुर्ची," मी म्हणाले. "तिचे तीन पाय चालतील मला."

"नको म्हटलं ना."

मग दुसरी वाट निघाली. नवरा लग्नाच्या दिवसापासूनच संसाराचा भार उचलायला मानसिकदृष्ट्या असमर्थ होता, असं सिद्ध करायचं. या वाटेने मुलगी औरस राहते. पण मानसशास्त्रज्ञ, साक्षीदार, तारखांवर तारखा. किती वर्षं जातील, सांगता येत नाही. शिवाय नवरा-बायकोने ठरवून तर नाटक मांडलं नाही ना, हे सरकारी वकील तपासणार.

"तेव्हा आजपासून दोमिंग तुमच्या दाराशी दिसता कामा नये," अ‍ॅटर्नी म्हणाल्या. "फोन नाही, पानसित नाही. गोडीगुलाबी दिसली की केस संशयात गेली."

"म्हणजे नीट भांडलेल्यांनाच सुटका?" मी विचारलं.

"तू वकील हो बाई," त्या म्हणाल्या आणि मला पेपरमिंट दिली.

पहिल्या रविवारी नानायने भात आणि खारवलेली अंडी केली. दुसऱ्या रविवारी तिने खुर्च्या आत घेतल्या. एक बाहेर राहिली, ताताय बसायचे ती. मी स्पर्धेचं भाषण त्या खुर्चीपुढे पाठ केलं. शाळेच्या सभागृहात शेकडो मुलं मला ऐकतात, टाळ्या वाजवतात, माझे पाय जराही थरथरत नाहीत. त्या खुर्चीपुढे मात्र चौथ्या वाक्याला माझा आवाज गेला. खुर्ची कधीच म्हणत नाही ना, "मग पुढे?"

करंडक मिळाला तो दिवस शुक्रवार होता. तातायना फोन करायचा नव्हता. मी वर्गात नाचले, मैत्रिणींनी उचलून घेतलं, फोटो काढले. घरी नानायने करंडक पुसून मशीनशेजारी ठेवला, मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "किती मोठी झालीस." रविवारी मी प्रार्थनेला जाते म्हणून निघाले आणि तायाबासला जाणाऱ्या प्रवासी जीपनीत बसले.

ताताय घरामागे दारूच्या काचेच्या बरण्या विसळत होते. नारळाची लांबानोग गाळतात तिथे ते कामाला आहेत. मला बघून बरणी हातातून निसटलीच.

"निंगनिंग! कुणी बघितलं का तुला?"

"जीपनीभर माणसांनी. ताताय, मी पहिली आले."

"खरं?" त्यांनी ओले हात पँटला पुसले. "कशावर बोललीस? म्हणून दाखव."

"नंतर. आधी ऐका. अ‍ॅटर्नींना सांगा, सोपी वाट घ्या. लायसन्सची. लवकर संपेल आणि तुम्ही रविवारी याल. माझ्याबद्दल लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. अनौरस म्हणजे काय, कपाळावर शिक्का मारतात का?"

"नाही."

"पण ताताय—"

"नाही म्हणजे नाही. तुझ्या आईसाठी मी कधी काही केलं नाही, पोरी. आता एवढंच जमण्यासारखं आहे, असमर्थ असणं. ते लिहू दे त्यांना. खोटंही नाही." ते हसले. "त्यात मी पहिला येईन."

घरातून लोलाचा आवाज आला, "दोमिंग! कोण आहे रे?"

तातायनी माझ्याकडे बघितलं. लोलाच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"कोणी नाही, इनाय!" ते आईला ओरडून म्हणाले.

मला कारण कळत होतं. तरी परतीच्या जीपनीत तेच दोन शब्द शेजारी बसून आले.

घरी मी नानायपुढे सगळे मुद्दे मांडले. स्पर्धेत याहून कमी मुद्द्यांवर जिंकले होते. ती दोरा ओवत म्हणाली, "माझ्या सहीची शिक्षा तुला नाही." "तातायसुद्धा तेच म्हणाले," मी म्हणाले. तिची सुई क्षणभर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. एकमत म्हणजेच तर संगनमत.

सरकारी वकिलांनी दोघांना बोलावलं त्या दिवशी मीही शाळा बुडवून गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात या टोकाच्या बाकावर आम्ही, त्या टोकाला ताताय. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. आमच्याकडे ते बघत नव्हते. इतकं मन लावून न बघणारा माणूस मी कधी पाहिला नाही.

नानाय आत गेली, आली. मग दार उघडून सरकारी वकील म्हणाले, "ही मुलगी का? ये, बस."

म्हातारे, थकलेले गृहस्थ. मी उत्तरं तयार ठेवली होती, लांबलचक.

"वडील घरी येतात?"

"नाही सर. रविवारी कोणी येत नाही."

त्यांनी पेन उचललं. "मी रविवार विचारलाच नव्हता. रविवारच का?"

तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. उरलं होतं तेच बोलले.

"बाकीचे दिवस शाळा असते, सर. वाट बघायला रविवारीच वेळ मिळतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जा बाळ."

बाहेर अ‍ॅटर्नींनी मला कवटाळलं. "शाब्बास! अशी साक्षीदार मिळत नाही!" माझ्या कौतुकाचा मला पहिल्यांदाच राग आला.

ताताय आत जाऊन आले, आणि आमच्यासमोरून पुढे निघून गेले, पायऱ्या उतरले. त्यांच्या बाकावर रुमाल तसाच होता.

"हात लावायचा नाही," अ‍ॅटर्नी पुटपुटल्या आणि पुढची तारीख घ्यायला गेल्या.

नानाय उठली. सरळ त्या टोकाला गेली, रुमाल उचलला, येऊन बसली. आत दोन पुड्या होत्या. त्यांनी स्वतःची आणलीच नव्हती. एकीवर पेनने, मोठ्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'पहिली'.

कोर्टाच्या बाकावर आम्ही दोघींनी पानं तोंडाशी धरली आणि खाल्लं. असं खाण्यात एक सोय असते, पूर्ण चेहरा पानात जातो. कोण रडतंय ते दिसत नाही.

शेवयांचा शेवटचा घास संपला तसा नानायने माझ्या हनुवटीवर रुमाल फिरवला.

"नीट पूस," ती म्हणाली. "आपलं भांडण झालंय त्यांच्याशी."