सही झाली, पाहायचे राहिले

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. टाचण्या, बोथट पेन्सिली आणि वाळलेल्या शाईच्या बाटल्या यांच्या गर्दीत एका खणात पडून असतो, आणि खरे सांगायचे तर माझे डोके फिरलेले आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो, पण जमेलच असे नाही.

माझा पहिला मालक वर्तमानपत्रासाठी ब्लॉक बनवणारा कारागीर होता. त्या काळी फोटो छापायचा तर तो आधी जस्ताच्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी उतरवावा लागे. चार ठिपके बुजले तर छापलेल्या माणसाचा डोळाच जायचा, म्हणून कारागीर मला डोळ्याला लावून तासन्‌तास पत्रा तपासत बसे. फोटो तेव्हा पाहुण्यासारखा होता. आठवड्यातून एखादा यायचा, तोही बहुधा कुठल्या तरी समारंभाचा. पुढे लहान कॅमेरे आले, फोटोग्राफर कचेरीतून उठून रस्त्यावर गेले आणि काल घडलेले आज वाचकाला डोळ्यांनी दिसू लागले. कारागिराची लेक त्याच वर्तमानपत्रात फोटोग्राफर झाली. नोकरीच्या पहिल्या दिवशी बापाने मला तिच्या हातात ठेवले. कचेरीत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

तिथे एक पद्धत होती. डार्करूममधला माणूस ओला फोटो घेऊन बाहेर येई. त्याला सगळे घुबड म्हणत आणि तोही ओ देई. मग ताईने निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवायची, माझ्यातून ती आणि फोटो ताडून पाहायचे आणि मगच फोटोच्या पाठीवर सही करायची. निगेटिव्हच्या कडेला बारीक आकडे असतात. ते सरळ वाचता आले की ती बाजू बरोबर. फोटो दुसऱ्या बाजूने निघाला तर डावे ते उजवे होऊन बसते. एवढे एकच काम माझे. अकरा वर्षे आम्ही ते चोख केले.

मग एका खोक्यांच्या कारखान्याला आग लागली. चार कामगार बायका आत अडकून दगावल्या. मालक म्हणाला की मागचे दार उघडेच होते, बायका घाबरून तिकडे गेल्याच नाहीत. ताईने त्याच दाराचा फोटो काढला होता. लोखंडी दार, बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. छपाईला दहा मिनिटे उरली होती. घुबडाने घाईत निगेटिव्ह पालथी घातली. ताईने मला हातात घेतलेही होते, तेवढ्यात संपादकांची हाक आली.

"सही करून ठेवते, नंतर बघते," ती म्हणाली.

फोटोत एकही अक्षर नव्हते, नाहीतर ते उलटे अक्षर कुणाच्याही डोळ्यात भरले असते. मी शेजारीच पडून होतो. मला तेव्हा ओरडता आले असते तर!

दुसऱ्याच दिवशी मालकाने दार बदलून टाकले. चौकट तीच राहिली आणि तिच्यात कडीचे भोक उजवीकडे होते. फोटोत कडी डावीकडे. चौकशीत मालकाच्या वकिलाने वर्तमानपत्र फडकवून सांगितले की हा फोटो आमच्या दाराचा नाहीच. आगीतून वाचलेली एक बाई, जिची धाकटी बहीण गेली होती, कुलूप होते म्हणून जीव तोडून सांगत होती. तिलाही खोटे पाडले.

ताईने निगेटिव्ह काढली, मला लावले आणि तिला दिसले, कडी उजवीकडेच होती, फोटो उलटा छापला होता. घुबडावर ढकलू किंवा गप्प बसू, असे संपादकांचे मत पडले. चूक कबूल केली तर लोक आपल्या प्रत्येक फोटोवर बोट ठेवतील, ही त्यांची भीती.

"ठेवू देत," ताई म्हणाली. "सही माझी आहे."

शेवटी खुलासा छापला, पण आतल्या पानावर, तोही इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला मीच लागलो असतो. असा राग आला म्हणून सांगू!

अशा खुलाशाने वकील कसला हटतो? आठव्या दिवशी ताई निगेटिव्ह आणि मला घेऊन चौकशी अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. चूक माझी, दार खरे, एवढेच बोलली. अधिकारी वाकून बराच वेळ बघत राहिले. आकडे सरळ होते, कडी उजवीकडे होती. मग त्या बाईने मला मागून घेतले. निगेटिव्हवर धरून तिने नीट पाहिले.

"हेच दार," ती म्हणाली. "रोज सकाळी उजव्या हातानं ही कडी सरकवून आत जायचे मी. मग ते बाहेरून कुलूप लावायचे. आठ दिवस हेच सांगतेय." आणि ताईकडे वळून तिने विचारले, "तुम्ही त्याच दिवशी का नाही बघितलं?"

दाराला कुलूप होते, असे अहवालात लिहिले गेले. लोकांनी ताईच्या धाडसाचे कौतुक केले. ते कौतुक तिला कधीच पचले नाही.

आता फिल्म गेली, उजेडाची पेटी गेली, सहीही गेली. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फोटो बघून होण्याआधीच बोट तो पुढे धाडून मोकळे होते. कुठलाही पूर कुठल्याही गावाच्या नावावर खपतो. खणात पडल्या पडल्या मी हे ऐकतो आणि चरफडतो.

मित्रांनो, मला नका वापरू, माझे दिवस संपले. पण फोटो पुढे धाडण्याआधी एक मिनिट तो नीट बघा. त्या बाईने प्रश्न विचारला तेव्हा ताईने मान खाली घातली होती. मी बाईच्याच हातात होतो. ती खाली गेलेली मान मी पाहिली आहे, तुमची पाहायची वेळ कुणावर येऊ नये.