मागच्या सीटवरचं वजन

बोनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागतंय ना? आत्ताच अख्खी चढण चढून वर आलेय, आणि तरी फक्त कोमट. माझ्या वयाच्या कितीतरी गाड्यांना इथवर आल्यावर झाकण उघडून वारा घालावा लागतो. मी दवाखान्याच्या सिस्टरांची हायब्रीड गाडी. रंग मुळात मोरपंखी, आता उन्हानं जरा विटलाय, पण त्याचं मला काही वाटत नाही. सिस्टर आत एका रुग्णाची जखम धुताहेत. निघायला अवकाश आहे, तोवर माझी हकिगत ऐका.

इतर गाड्या वेगाच्या बढाया मारतात. माझी बढाई वेगळी आहे. मी वजनाला कमी आहे, आणि हे काही आपोआप झालेलं नाही.

मी अजून कागदावर होते तेव्हापासून एका इंजिनिअर बाईंचा माझ्या वजनावर डोळा होता. हायब्रीड गाडीच्या पोटात पेट्रोलचं इंजिन असतं, विजेची मोटर असते आणि मोटरसाठी बॅटरीही असते. म्हणजे एका घरात दोन संसारांचं सामान. मोटरनं वाचवलेलं पेट्रोल हे सामान वाहण्यातच गेलं, तर मग एवढा खटाटोप कशाला? म्हणून बाई माझ्या एकेका भागासमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हा काय काम करतो?" उत्तर नीट आलं नाही की तो भाग बाद. बोनेट ॲल्युमिनियमचं झालं, मागचं दार फायबरचं झालं. जिथे माणसाचा जीव वाचायचा तिथे मात्र त्यांनी जाड पोलादच ठेवलं. दाराच्या आतल्या हँडलवरून त्यांचं आणि सजावट विभागातल्या साहेबांचं चांगलंच वाजलं. साहेबांना ते भरीव आणि चकचकीत हवं होतं, बाईंनी पोकळ करून घेतलं. आजही सिस्टर तेच हँडल धरून दार ओढतात.

बॅटरीची जागा मागच्या सीटखाली. तिला थंड हवा लागते, म्हणून सीटच्या कडेला एक छोटी जाळी आहे. बहुतेकांना ती स्पीकरची वाटते. ते माझं नाक आहे. हे लक्षात असू द्या.

अशी मी, घडवलेली, सडपातळ, तोऱ्यात सिस्टरांच्या अंगणात आले. सिस्टर घरोघरी जाऊन रुग्णांचं बघतात. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुठे नवं बाळ असेल तर त्याचं वजन. दर सोमवारी दवाखाना माझी टाकी भरून देतो आणि ती शनिवारपर्यंत पुरवायची असते. शनिवारी सगळ्यात लांबची फेरी, डोंगरावरची वरची वस्ती. माझ्यासारखीला हे अवघड नव्हतं. चढताना इंजिन आणि मोटर दोघं मिळून ओढायचे, उतरताना बॅटरी आपसूक भरायची.

पण त्या घराला एक आजार होता. त्याचं नाव, 'असू दे, लागेल कधीतरी'.

सिस्टरांचे यजमान प्लंबर. स्वभावानं सोन्यासारखे, पण हातातली वस्तू खाली ठेवायची तर ती माझ्या डिकीतच. पाइपांचे तुकडे, पाने, जुने नळ, सिमेंटची अर्धी गोणी. एकदा पाइप नेण्यासाठी त्यांनी टपावर लोखंडी कॅरियर बसवला आणि तो तिथेच राहिला. सिस्टर स्वतः काही मागे नव्हत्या. रुग्णांना वाचायला म्हणून मासिकांचे गठ्ठे, आंघोळीसाठी प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचे कॅन. आणि तिसरे बाबा, म्हणजे सिस्टरांचे सासरे. चाकाला लावायला त्यांनी एक भलामोठा दगड आणून ठेवला होता. मी उतारावरही हलत नाही हे त्यांना कुणी सांगायचं?

बाबांनी सगळा जन्म वजनकाट्यावर काढला. भरलेले ट्रक यायचे, ते तोलायचे. ट्रक नुसता बघून वजन सांगायचे आणि बरोबर सांगायचे, असं ते स्वतःच सांगतात. त्याच काट्यावर दुसऱ्या पाळीला मुकादम असायचे. हे मुकादम वरच्या वस्तीत राहतात. लकवा झाल्यापासून खाटेवर पडून आहेत, पाठीला जखमा झाल्या आहेत. त्यामुळे सिस्टर शनिवारी निघाल्या की मागच्या सीटवर बाबा ठरलेले. सिस्टर ड्रेसिंग करायच्या आणि हे दोघे जुन्या कुठल्यातरी ट्रकच्या वजनावरून भांडायचे. मुकादमांची खाट खिडकीशी आणि मी खिडकीखाली, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. बोलणं जड झालेलं असूनही मुकादम भांडणात कधी मागे हटत नसत, आणि मधेच खदखदून हसत.

डिकी फुगत गेली तशी माझी टाकी लवकर संपू लागली. मग एका शनिवारी जे व्हायचं ते झालं. परतीच्या वाटेवर, खालचं गाव समोर दिसत असताना, मी थांबले. दुधाचा टेम्पो दोरी बांधून मला ओढत गावात घेऊन आला. टेम्पो! ज्याच्या मागे 'हळू चला' लिहिलेलं होतं. मान वर करायची सोय राहिली नाही.

सोमवारी दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी सिस्टरांना बोलावलं. टाकीत बसत नसेल तर वरची वस्ती फेरीतून काढू, तिथल्या लोकांनी खाली यावं, असं त्या म्हणाल्या. सिस्टरांनी सांगितलं, मी पदरचं पेट्रोल भरते. त्यावर मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आज तू भरशील गं. उद्या तुझ्या जागी येईल ती भरेल का?" शेवटी महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

हे सिस्टरांनी घरी सांगितलं तेव्हा बाबा उठले आणि माझ्याभोवती एक फेरी मारून गेले. खाली येणं मुकादमांना कसं जमणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

रविवारी बाबांनी अंगणात भंगारवाल्याकडून मागून आणलेला काटा मांडला आणि कंबर कसली. माझी सगळी दारं उघडली. एकेक वस्तू बाहेर यायची, काट्यावर चढायची आणि मग तिच्यावरून वाद व्हायचा. यजमान जुन्या नळांना सोडायला तयार नव्हते. "लागतील कधीतरी," असं तोंडातून गेलं आणि तिघेही हसायला लागले. सिमेंटची गोणी दगडासारखी घट्ट झाली होती, ती काही कधीच लागणार नव्हती. कॅरियर काढताना यजमानांचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबांनी स्वतःचा दगडही काट्यावर ठेवला, आकडा बघितला आणि तो गुपचूप कुंडीमागे नेऊन टाकला. जॅक आणि जादा चाक यांना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी अंगणात बाहेर काढलेल्या सामानाचा ढीग लागला आणि मी पुन्हा माझ्या मूळ वजनावर आले. कारखान्यातल्या बाई बघायला हव्या होत्या.

एवढ्यावर थांबले असते तर ते बाबा कसले. डिकीत आता फक्त सिस्टरांची ड्रेसिंगची मोठी पेटी उरली होती. बाबा म्हणाले, वजन कधी शेपटाकडे ठेवू नये, ते दोन्ही चाकांच्या मध्ये हवं. ट्रकच्या बाबतीत हे खरंच आहे. त्यांनी पेटी उचलून मागच्या सीटवर कडेला बसवली, हलू नये म्हणून बाजूला आपली लोकरी शाल दाबून कोंबली, आणि मागे होऊन अभिमानानं बघितलं.

शाल नेमकी माझ्या नाकावर.

आता मी काय करणार? मला बोलता येत नाही. माझ्याजवळ एक पंखा आहे, तो बॅटरी तापली की फिरतो. त्या शनिवारी चढणीवर तो जिवाच्या आकांतानं फिरत होता. तापलेल्या बॅटरीकडून मी काम घेत नाही, तशी माझी घडणच आहे, म्हणून सगळा भार एकट्या इंजिनावर आला. आणि माझ्या पंख्याच्या शेजारी बसून बाबा सिस्टरांना सांगत होते, बघ, कशी हलकी चालतेय. त्यांच्या आवाजापुढे माझा आवाज कुणाला ऐकू येणार?

कशीबशी घरी पोचले तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. टेम्पो लागला नाही एवढंच. यजमान डिकी उघडून बघत राहिले. काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सिस्टर पायरीवर बसल्या. त्या रडल्या नाहीत, पण चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

भंगारवाल्याचा काटा अजून अंगणातच होता. बाबा उठले आणि त्यावर जाऊन उभे राहिले. खाली वाकून आकडा बघितला.

"एक राहिलंच होतं," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारपासून मी येत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुम्ही काय सामान आहात का?"

"ड्रेसिंग तू करतेस. मी नुसता बसतो." एवढं बोलून ते आत गेले. सिस्टरांनी पुढचा आठवडाभर त्यांची मनधरणी केली, यजमान रागावलेसुद्धा, पण म्हातारा हलला नाही.

शनिवारी सिस्टर एकट्या निघाल्या. बाबा फाटकाशी उभे होते. मागची सीट रिकामी, पेटी आणि शाल मात्र तिथेच. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

वर मुकादमांनी दाराकडे बघितलं, सिस्टरांच्या मागे बघितलं, आणि विचारलं, "काटा?" ते बाबांना काटाच म्हणतात. सिस्टरांनी काहीतरी कारण सांगितलं. मुकादमांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ड्रेसिंग होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुखलं तरी हूं की चूं नाही.

वस्तीतून निघाल्यावर पलीकडच्या वाडीसाठी आणखी एक उभी चढण आहे. सिस्टर गप्प होत्या. बाबा नव्हते, म्हणून बडबड नव्हती. आणि पहिल्यांदाच त्यांना माझा पंखा ऐकू आला.

त्यांनी कान दिला. वेग कमी केला. मग वळणावर मला बाजूला घेतलं, इंजिन बंद होऊ दिलं आणि मागचं दार उघडून आत वाकल्या. माणसांच्या छातीला कान लावून ज्यांचा जन्म गेला त्यांना किती वेळ लागणार? "अगं, तुला धाप लागलीय," त्या म्हणाल्या. पेटी बाजूला केली, शाल ओढून काढली. जाळीवर तळहात धरला, आणि हवा आत ओढली जातेय हे त्यांना कळलं. लोकरीच्या तंतूंनी जाळी पार बुजली होती. त्यांनी पेटीतून चिमटा काढला, एकेक तंतू उचलला, कापसानं कडा पुसल्या. एखाद्या बाळाचं नाक साफ करावं तसं माझं नाक साफ केलं. मग पेटी परत डिकीत ठेवली आणि मला सावलीत जरा वेळ उभं केलं.

त्यानंतर मी जी निघाले! मोकळं अंग, मोकळा श्वास. वाडीची चढण मोटरनं आणि इंजिनानं खांद्याला खांदा लावून काढली. उतारावर बॅटरी पोटभर भरली. गावातल्या रस्त्यांवर तर इंजिनाला मी जागंच केलं नाही. घरी पोचले तेव्हा पेट्रोलचा काटा तळापासून इतका वर होता की यजमानांनी काचेवर टिचकी मारून बघितली, अडकलाय की काय म्हणून. त्या रात्री मला कुणी विचारलं असतं, तर त्या दुधाच्या टेम्पोला मीच ओढून आणलं असतं.

बाबांना सिस्टरांनी जाळी दाखवली. ते वाकून बघत म्हणाले, "मी तोललेल्या एकाही ट्रकला नाक नव्हतं." मग शाल झटकून खांद्यावर टाकली आणि आत वळले.

"बाबा," सिस्टर मागून म्हणाल्या, "शनिवारी लवकर आवरा."

"माझं वजन?"

"तुमचं वजन धरूनही पुरेल. फार तर शाल घरी ठेवा."

बाबांनी मान हलवली, पण लगेच वळले नाहीत. त्यांना चष्मा पुसायचा होता.

महिनाअखेरीला मोठ्या बाई स्वतः माझ्या काट्यापाशी येऊन बघून गेल्या. वरची वस्ती फेरीत राहिली. त्याला आता बरीच वर्षं झाली. मुकादमांच्या पाठीच्या जखमा भरत आल्या, एकच तेवढी उरलीय; वस्तीत आता दुसऱ्या घरी एक आजी आहेत, आणि जुळी बाळं आहेत. माझ्या दारावर ओरखडे आलेत, सीटचं कापड विरलंय. पण अंगणातून निघताना डिकी रोज तपासली जाते, आणि माझ्या नाकासमोर कुणी रुमालसुद्धा ठेवत नाही. एवढा मान किती गाड्यांना मिळतो?

तुमच्याही दारात एखादी उभी असेल. तिची डिकी एकदा उघडून बघा. घट्ट झालेली गोणी निघेल, न लागणारे नळ निघतील. काढा बाहेर. फक्त काढता काढता माणूस उतरवू नका.

ऐकताय का? खिडकीतून आवाज येतोय. बाबा म्हणताहेत तो ट्रक ऊस भरलेला होता, मुकादम म्हणताहेत वाळू. मुकादम हसले. म्हणजे आता निघायची वेळ झाली.

हे आले सिस्टर आणि बाबा. सिस्टरांनी पेटी डिकीत ठेवली. मागचं पोकळ हँडल ओढून बाबा आत बसले आणि माझे स्प्रिंग जरासे दबले. त्या इंजिनिअर बाई आज समोर असत्या आणि त्यांनी बोट दाखवून विचारलं असतं, "हा काय काम करतो?", तर मी ताठ मानेनं सांगितलं असतं, हे वर आले की मुकादम हसतात.

सरका जरा बाजूला. पुढे उतार आहे.